१८१८ ची शेवटची मोहीम आणि खानदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थाळनेर, मालेगाव, लळिंग, असीरगड बघायला येणारी मंडळी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं आणि गावातले जाणते नाना-आप्पा साधारण हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. सगळ्यांची लांबी सारखी नाही. ज्या विषयात सांगण्यासारखं जास्त आहे तिथं थांबलो आहोत.

निर्णायक लढाई नेमकी कशाला म्हणायची? जिथं जास्त माणसं पडली तिला?

नाही. जिच्यानंतर हरलेल्या पक्षाला पुन्हा फौज उभी करून मैदानात येणं जमत नाही, किंवा परवडत नाही, ती निर्णायक. रक्त किती सांडलं हा वेगळा हिशेब.

आपल्या शेजारचंच बघा. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळ असईला इंग्रज सेनापती वेलस्लीचे १,५८४ लोक मेले, जखमी झाले किंवा सापडले नाहीत. शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या. इतकं होऊनही युद्ध संपलं नाही. त्यानंतर बऱ्हाणपूर आणि असीरगड पडले, २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड गेला, तेव्हा कुठं ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. याउलट महिदपूर. २१ डिसेंबर १८१७ ला लढाई आणि सोळाव्या दिवशी होळकरांचा तह. इंग्रजांचे सुमारे पावणेआठशे लोक ठार-जखमी झाले, म्हणजे असईच्या निम्मे. तरी निर्णायक महिदपूरच.

मग खानदेशातली निर्णायक लढाई कोणती?

१८१७-१८ च्या तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धापुरतं बोलायचं तर एकही नाही. अनेकांना हे उत्तर आवडत नाही, पण खानदेशचा निकाल खानदेशाबाहेर लागला. महिदपूर माळव्यात, क्षिप्रेच्या काठी. तहाची सही मंदसोरला, ६ जानेवारी १८१८. त्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला सगळा मुलूख सोडला, त्यात खानदेश आला. इथल्या गढ्या-किल्ल्यांत बसलेल्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं.

खरी मारामारी इथं त्यानंतर झाली. निकाल लागल्यावर. आणि ती तख्तासाठी किंवा झेंड्यासाठी कमी, पोटासाठी जास्त होती. ही गोष्ट डोक्यात ठेवली की खालची बरीच उत्तरं आपोआप उलगडतात.

महिदपूरला होळकर हरले कशामुळे?

तोफा होत्या, गोलंदाज चांगले होते. घर फुटलं होतं. मल्हारराव होळकर दुसरे तेव्हा अकरा वर्षांचे. कारभार तुळसाबाईच्या हाती. फौजेचे पगार थकलेले. पेशव्यांकडून पगार भागवण्याचं आश्वासन आल्यावर पलटणी युद्धाच्या बाजूला झुकल्या, आणि तुळसाबाई इंग्रजांशी आतून बोलणी करते या संशयावरून लढाईच्या आदल्या दिवशी तिला नदीकाठी मारलं गेलं. दुसऱ्या दिवशी इंग्रज सेनापती हिस्लॉप आणि माल्कम क्षिप्रा ओलांडून थेट तोफांवर चालून आले. गोलंदाज जागेवर उभे राहून लढले. घोडदळाचा बराच भाग मात्र निघून गेला. होळकरांचा सरदार गफूरखान याला पुढं तहात जावऱ्याची जहागीर पक्की झाली, तेव्हा त्याच्याबद्दल संशय घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

थाळनेरला काय घडलं?

शिरपूर तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं हे गाव. खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. त्यांचे हजिरे (कबरींच्या इमारती) आजही तिथं आहेत. मंदसोरचा तह झाल्यावर हिस्लॉप फौज घेऊन दक्षिणेला निघाला. सेंधव्याचा किल्ला विनातक्रार मिळाला, घाट उतरून तो तापीवर आला. २७ फेब्रुवारी १८१८. तहाप्रमाणे थाळनेर इंग्रजांचं झालेलं होतं, त्यामुळे वाटेतलं एक गाव यापलीकडं त्यानं विचार केला नसावा. किल्ल्यातून तोफ आणि बंदुका सुरू झाल्या.

हिस्लॉपनं किल्लेदार तुळशीराम मामाला निरोप धाडला: हा किल्ला तुमच्या धन्यानं तहात दिलेला आहे, लढलात तर तुम्हाला बंडखोर धरू. जबाब आला नाही. तोफा लावल्या. दुपारनंतर बाहेरचे दरवाजे एकामागून एक हाती आले. याच गडबडीत किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला.

आता आतला दरवाजा. थाळनेरला दरवाजे एकाआड एक, चढत जाणारे होते. शेवटाकडच्या दरवाजाशी अरब शिबंदी, म्हणजे किल्ल्याची पगारी फौज, उभी. बोलणी सुरू झाली, पण एकमेकांची भाषा कोणालाच धड येत नव्हती. मोठा दरवाजा बंदच. त्यातली दिंडी उघडली. दिंडीतून एका वेळी एकच माणूस वाकून जाऊ शकतो. लेफ्टनंट कर्नल मरे, मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर आणि दहा-बारा शिपाई असे एकेक करून आत गेले. आत काय बिनसलं यावर दोन मतं आहेत. अरबांना हा दगा वाटला असेल, किंवा हत्यारं मागितल्यावर भडका उडाला असेल. क्षणात खंजीर आणि तलवारी चालल्या. गॉर्डन आणि मॅकग्रेगर तिथंच पडले. मरेला जखमी अवस्थेत दिंडीतून बाहेर ओढून काढलं. मग बाहेरच्यांनी दिंडीत बंदुका घालून वाट मोकळी केली आणि आत शिरून शिबंदी कापून काढली. तीनशेच्या आसपास माणसं होती. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिली.

फाशी योग्य होती का?

आमच्या मते नव्हती. आणि हे फक्त आपल्याकडचं मत नाही. १८१९ साली हिस्लॉपच्या सैन्याचे आभार मानायचा ठराव ब्रिटिश पार्लमेंटात आला, तेव्हा या फाशीवरून बोलाचाली झाली, आणि आभारात थाळनेरची ही गोष्ट धरलेली नाही असं स्पष्ट करावं लागलं. दिंडीतल्या मारामारीच्या वेळी किल्लेदार आत नव्हता, इंग्रजांच्या ताब्यात होता. गोळीबाराला तो जबाबदार धरता येईल, दिंडीतल्या खुनांना नाही.

इंग्रजांची बाजू अशी की तह झाल्यावर गोळी झाडणारा हा शत्रू नव्हे, बंडखोर. कागदावर बरोबर. पण सातआठ आठवड्यांपूर्वी माळव्यात झालेल्या सहीची बातमी, धन्याचा लेखी हुकूम आणि शिबंदीची बाकी या तिन्ही गोष्टी तापीकाठच्या किल्लेदाराकडे वेळेत पोचल्या होत्या का, हे कोणी तपासलं नाही.

एक व्यवहार मात्र साधला गेला. थाळनेरची बातमी पसरल्यावर आसपासची बरीच ठाणी न लढता खाली झाली. हिस्लॉपचे समर्थक याच गोष्टीकडं बोट दाखवतात.

हे अरब खानदेशात आले कुठून आणि इतके जीव तोडून का लढले?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्ल्यांच्या शिबंदीत अरब ठेवायची चाल मराठी सरदारांत रुळली. तटाआडून लढण्यात त्यांची ख्याती होती आणि म्हणून पगार इतर शिपायांपेक्षा जास्त. नागपूरला भोसल्यांकडे होते, पेशव्यांकडे होते, खानदेशात तर जागोजागी. होळकर-शिंद्यांच्या धुमाकुळात इथल्या सरदारांकडे रोकड उरली नाही, तेव्हा पगारापोटी गावं लिहून दिली गेली. काही जमादार, म्हणजे अरबांचे म्होरके, तर धन्यालाच कर्ज देऊन बसले. म्हणजे नोकर होता होता सावकार झाले. थोडी वर्षं आणखी गेली असती तर खानदेशात एखादं अरबी संस्थान उभं राहिलं असतं, असं म्हणायला जागा आहे.

इंग्रज आले आणि त्यांचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन यानं ठरवलं की या लोकांना इथं ठेवायचं नाही, जहाजात बसवून त्यांच्या देशी पाठवायचं. मराठा सरदाराला तहात जहागीर मिळत होती, शिलेदाराला गावी शेती होती, भटजीला इनाम सांभाळून मिळणार होतं. अरबाला काय? थकलेला पगार बुडणार, गहाण गावं जाणार, बायकामुलं इथली आणि आपण समुद्रापार. त्याच्यासाठी तहात एकही ओळ नव्हती. माणूस तटावर ठाण मांडून बसेल नाही तर काय करेल?

नागपुरात डिसेंबर १८१७ मध्ये हेच दिसलं. भोसल्यांची फौज मोडल्यावरही अरबांनी शहर सोडलं नाही. वर्ष संपता संपता, बायकामुलं आणि सामानासह सुखरूप जाऊ द्यायचं या अटीवर ते बाहेर पडले. इंग्रज अधिकारी सोबत देऊन त्यांना मलकापूरपर्यंत पोचवण्याचं ठरलं होतं. मलकापूर म्हणजे आपल्या वेशीवरच.

मालेगावचा वेढा इतका का गाजला?

कारण तो सोपा जाईल असं सगळ्यांना वाटत होतं.

त्या उन्हाळ्यात लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलनं अंकाई, राजदेर, चांदवड आणि त्र्यंबक असे किल्ले पटापट घेतले होते. त्र्यंबक पडल्यावर तर डझनभराहून जास्त गड आपणहून खाली झाले. मालेगावचा किल्ला मोसम नदीच्या काठावर, सपाटीवरचा. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास बांधायला घेतलेला भुईकोट. राजेबहाद्दरांच्या वंशजानं इंग्रजांच्या संमतीनं तो ताब्यात घेतला आणि त्याच्याच अरब नोकरांनी त्याला त्याच्याच किल्ल्यात कैद करून ठेवलं.

१५ मेला मॅकडॉवेल येऊन थडकला. हाताशी हजाराच्या आतबाहेर लढणारी माणसं, त्यांतली बरीच आधीच्या वेढ्यांनी थकलेली. मे महिन्यातलं मालेगाव कसं असतं ते इकडच्या वाचकाला सांगायला नको. मोर्चे खणायला लागल्यावर पहिल्याच रात्री अरब तलवारी घेऊन बाहेर आले आणि चर खणणाऱ्यांवर तुटून पडले. इंजिनियर अधिकारी डेव्हिस त्यात पडला. दहा दिवस तोफा चालल्या. तटाला खिंडार पडलंसं दिसलं.

२९ मेला पहाटे हल्ला. पेठेकडून गेलेल्या तुकडीनं पेठ घेतली. खिंडाराकडच्या तुकडीपुढं नॅटीस नावाचा तरुण अधिकारी होता. तो दगडमातीच्या ढिगावरून चढून थेट माथ्यावर पोचला. खिंडार बाहेरून चढण्याजोगं होतं. आतल्या बाजूला मात्र तट सरळ खाली गेलेला. शिड्या आत सोडल्या त्या तळाला टेकल्याच नाहीत. जमत नाही असं तो मागच्यांना सांगत असतानाच त्याला गोळ्या लागल्या. मागचे लोक बराच वेळ त्या उघड्या ढिगावर मार खात उभे राहिले, मग माघारी बोलावले गेले.

त्यानंतर वेढा नुसता धरून ठेवला. ९ जूनला अहमदनगरकडून कुमक आणि उखळी तोफा आल्या. ११ जूनला एक गोळा दारूच्या कोठारावर पडला, स्फोटात तटाचा मोठा तुकडा खंदकात गेला आणि आतला भाग उघडा पडला. दोन दिवसांनी जमादार अब्दुल कादर बोलणीला आला. त्याला तोंडी वचन नको होतं, लेखी हवं होतं. मुन्शीनं मराठीत लिहून दिलेला कागद मॅकडॉवेलच्या मनात होतं त्याहून उदार निघाला. १४ जूनला अरब बाहेर आले. पुढं वाद झाला की हे कैदी की कौल (अभयाचं वचन) मिळालेले. एल्फिन्स्टननं कागदाप्रमाणे वागायचं ठरवलं, ही त्याची जमेची बाजू.

साडेतीनशेच्या आसपास शिबंदी, महिनाभराचा वेढा, इंग्रजांचे दोनशेवर लोक ठार-जखमी. या युद्धात खानदेशानं घेतलेली ही सर्वांत मोठी किंमत. आज त्या किल्ल्यात शाळा भरते.

डोंगरी किल्ले दिवसा-दोन दिवसांत पडले आणि भुईकोट महिना टिकला, हे उलटं नाही का?

किल्ला दगडानं लढत नाही, आतल्या माणसानं लढतो. १८१८ मध्ये डोंगरी किल्ल्यांवर शिबंदी मूठभर, पगार वर्षानुवर्षं नाही, पेशवा रानोमाळ पळतोय आणि पाण्याची टाकी उन्हाळ्यात तळाला गेलेली. त्यात उखळी तोफांचे गोळे वरून पडायला लागले की गडाच्या उंचीचा फायदा संपतो. राजदेरला आग लागून सगळं भस्म झालं. मालेगावात ठरवून लढणारी माणसं होती आणि खंदक खोल होता. बस.

अमळनेर, लळिंग, सोनगीर इथंही लढाया झाल्या का?

मोठ्या नाहीत. अमळनेरला बोरीकाठच्या गढीत अरब अडून बसले होते. मालेगावकडून गोऱ्यांची पलटण आणि तोफा आल्या, नदीपलीकडं मोर्चा लागला आणि अरबांनी नदीच्या वाळूत हत्यारं ठेवली.

पेशवाई नेमकी कुठं संपली? खडकीला, कोरेगावला की अष्टीला?

परीक्षेत जे विचारतील ते लिहा. पण समजून घ्यायचं असेल तर उत्तर आहे: असीरगडाच्या पायथ्याशी.

खडकी ५ नोव्हेंबर १८१७, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण १७ नोव्हेंबर, कोरेगाव १ जानेवारी १८१८, अष्टी २० फेब्रुवारी. अष्टीला बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. लष्करीदृष्ट्या पेशव्यांचा कणा तिथं मोडला, आणि या सगळ्यांतली निर्णायक म्हणायची तर अष्टीच. तरी बाजीराव दुसरे आणखी साडेतीन महिने फिरत होते. एप्रिलमध्ये शिवनीला पुन्हा मार खाल्ला आणि उरलेली फौज घेऊन ते बऱ्हाणपूरच्या बाजूला धूळकोटाला येऊन थांबले. पाठीशी असीरगड. शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड सहानुभूती दाखवत होता. पुढं सातपुडा, मागं इंग्रज, आणि पावसाळा तोंडावर.

खेडी गावाजवळ बाजीराव माल्कमला भेटले आणि ३ जून १८१८ ला स्वाधीन झाले. साल आठ लाख रुपये, वास्तव्य गंगाकाठी बिठूरला. आकडा ऐकून कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण माल्कमनं हिशेब मांडला होता: असीरगडात पेशवा शिरला असता तर वेढ्याचा खर्च त्याहून जास्त. तो बरोबर होता असं आम्हाला वाटतं. पुढच्याच वर्षी असीरगडानं ते दाखवून दिलं.

पण गोष्ट इथं थांबत नाही. शरणागतीनंतर आठवड्याभरात, उत्तरेकडं कूच चालू असताना, बाजीरावांच्या सोबतच्या अरबांनी त्यांचा तंबू वेढला. मागणी एकच: थकलेला पगार. ज्या माल्कमला पेशवे शरण गेले, त्यालाच तोफा आणून मध्ये पडावं लागलं आणि हिशेब चुकता करवून घ्यावा लागला. मराठी राज्याच्या प्रमुखाचा शेवटचा वेढा त्याच्या स्वतःच्या नोकरांनी घातला. शाळेच्या पुस्तकात हे का येत नाही कळत नाही.

युद्धाची शेवटची लढाई मग असीरगड?

हो. ९ एप्रिल १८१९. नागपूरचे अप्पासाहेब भोसले कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गेले होते. १८१९ च्या फेब्रुवारीत चित्तू पेंढाऱ्याच्या संगतीनं ते असीरगडाकडं आले. चित्तूला जंगलात वाघानं खाल्लं. अप्पासाहेब गडात शिरले. शिंद्यांचा इंग्रजांशी तह असूनही यशवंतराव लाड गड देईना. इंग्रज सेनापती डोव्हटन आणि माल्कम यांनी मार्चच्या मध्याला वेढा घातला, पेठ लगेच घेतली, पण मोर्च्यातल्या त्यांच्याच दारूचा स्फोट होऊन बरीच माणसं गेली. तीन आठवडे तोफा चालल्यावर गड उतरला. अप्पासाहेब आधीच निसटले होते. ते पंजाबात आणि मग जोधपुराकडं गेले, १८४० मध्ये तिकडंच वारले.

गडात दौलतराव शिंद्यांचं एक पत्र सापडलं: पेशवे सांगतील तसं करावं, असा मजकूर. दौलतराव वरवर इंग्रजांचे मित्र. हे पत्र निघाल्यावर असीरगड त्यांना परत मिळाला नाही. १८०३ मध्ये मिळाला होता.

असीरगड म्हणे कधीच लढून पडला नाही?

थोडं खरं, थोडं गडप्रेम. नासिरखान फारुकीनं डोल्यांत बायकांऐवजी शिपाई बसवून आसा अहिराकडून गड घेतला ही कथा सगळ्यांना पाठ आहे. अकबर १६०० मध्ये बऱ्हाणपूरला आला, बाहेरचे मालीगडासारखे भाग घेतले, बहादूरखान फारुकी डिसेंबरात बाहेर आला, पण शिबंदी लढत राहिली. १७ जानेवारी १६०१ ला गड आला. आत रोगराई पसरली होती आणि बाहेरून सोनं वाटलं जात होतं. कशाचं पारडं किती जड याबद्दल अकबराचा इतिहासकार अबुल फजल एक सांगतो आणि तिथं असलेले जेझुइट पाद्री दुसरंच. अकबराची ही शेवटची मोठी स्वारी. फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावरच्या लेखात तिचा उल्लेख आहे, आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचं नाव काही काळ दानदेश झालं.

१८०३ मध्ये इंग्रज अधिकारी स्टीव्हन्सनच्या तोफा तासभर वाजल्या आणि २१ ऑक्टोबरला गड उतरला. अटींमध्ये शिबंदीच्या थकलेल्या पगारापोटी रक्कम द्यायचं कलम होतं. पुन्हा पगार.

मालेगाव आणि बऱ्हाणपूर खानदेशात कसे? एक नाशिक जिल्ह्यात, दुसरं मध्य प्रदेशात.

आजच्या जिल्ह्यांवरून इतिहास मोजू नका. मालेगाव, बागलाण, नांदगाव हे १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यातच होते. बऱ्हाणपूर तर फारुक्यांची आणि मुघलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी. खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व-पश्चिम असा तुटला. आजचं जळगाव आणि धुळे त्यांतून आलं, नंदुरबार १९९८ मध्ये वेगळं झालं. असई मात्र आपल्यात नाही. ती घाटावरची, जालना जिल्ह्यातली.

साल्हेरची लढाई यात कुठं बसते?

तिला वेगळं पान हवं. थोडक्यात: फेब्रुवारी १६७२, साल्हेरला मुघलांचा वेढा, मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी येऊन उघड्या मैदानात भिडले आणि जिंकले. गनिमी काव्याची फौज समोरासमोर मोठ्या मुघली सैन्याला मोडू शकते हे पहिल्यांदा इतक्या ठळकपणे दिसलं. सूर्याजी काकडे तिथं पडले. सभासदानं सवाशे हत्ती सापडल्याचं लिहिलंय. बखरकाराचे हत्ती जरा सढळ हातानं मोजलेले असतात, पण वेढा उठला आणि पाठोपाठ मुल्हेर घेतलं, यात वाद नाही.

लढायांत सामान्य माणसाचं काय झालं?

लढायांपेक्षा फौजांच्या येण्याजाण्यानं जास्त मेलं. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांची फौज खानदेशातून गेली. गावं लुटली, पिकं कापून नेली, आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. बी-बैल उरले नाहीत, लोक देश सोडून गुजरातेकडं गेले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज १८१८ मध्ये पोलिटिकल एजंट म्हणून आला तेव्हा तापीच्या खोऱ्यात ओसाड गावं, मोडलेले बंधारे आणि वाघ. त्यानं मुख्य ठाणं केलं धुळ्याला, जे तेव्हा जेमतेम खेडं होतं. सरळ रस्त्यांचं आजचं जुनं धुळं त्याच आखणीतलं.

१८१९ नंतर खानदेश शांत झाला?

मैदान झालं. सातपुडा आणि सातमाळा नाही. भिल्ल नाईकांकडं घाटांची राखण आणि त्याचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या होते. तह करणाऱ्यांनी मुलूख दिला-घेतला, घाटातल्या या हक्कांचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. १८१८ ते १८२५ सतत मोहिमा चालल्या. पलटणींनी हाट्ट्या (भिल्लांच्या वस्त्या) जाळल्या, मलेरियानं पलटणी खाल्ल्या. शेवटी १८२५ मध्ये जेम्स औट्रमनं भिल्लांचीच पलटण उभारली, धरणगावला तिचं ठाणं होतं. पगार नियमित. जे अरबांच्या बाबतीत कोणाला सुचलं नाही ते इथं केलं आणि चाललं.

तरी १८५७ आलंच. सेंधवा घाटाची राखण करणारे खाज्या नाईक आणि त्यांच्या जोडीला भीमा नाईक उठले, इंदूरहून येणारा सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी झुंज झाली. झाडाखडकांच्या आडून दिवसभर लढाई, बायका-मुलं पकडली गेली, आणि पकडलेल्या कित्येक पुरुषांना जागच्या जागी गोळ्या घातल्या. खाज्या नाईक १८६० मध्ये मारले गेले. खानदेशच्या हद्दीवरची शेवटची मोठी लढाई म्हणायची तर ही. थाळनेर-मालेगावएवढंच हिचं नाव लोकांच्या तोंडी असायला हवं.

जगातल्या इतर 'शेवटच्या चढायां'शी तुलना करता येईल?

थोडी. जर्मनीनं २१ मार्च १९१८ ला पश्चिम आघाडीवर मोठी चढाई केली, चार वर्षांत मिळाला नव्हता इतका मुलूख घेतला आणि आठ महिन्यांत युद्ध हरली. दोस्तांची ८ ऑगस्टपासूनची शंभर दिवसांची चढाई मात्र निर्णायक ठरली. जमीन मिळणं आणि युद्ध जिंकणं वेगळं, एवढाच धागा. बाकी तापीकाठच्या गढीची बर्लिनशी तुलना करणारे लेख आम्ही वाचले आहेत. न वाचलेले बरे.

असीरगडावर अश्वत्थामा दिसतो का?

शिवमंदिरात रोज पहाटे ताजं फूल दिसतं अशी श्रद्धा आहे. गडावर मुक्काम करू देत नाहीत, त्यामुळे खात्री करता येत नाही.

ही ठिकाणं बघायला कधी आणि कशी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये धुळे-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. मॅकडॉवेलच्या पलटणीला इलाज नव्हता, तुम्हाला आहे. लळिंग मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याला लागूनच, सकाळी चढून दुपारच्या आत उतरता येतो. थाळनेर शिरपूरकडून. तट बराचसा ढासळलाय, तापीनंही आपला वाटा घेतलाय, पण नदीच्या बाजूनं पाहिलं की चढत्या दरवाजांची जागा ओळखू येते. हजिरे गावाजवळच आहेत, ते चुकवू नका. अष्टकोनी हजिऱ्यावरचं कोरीवकाम निवांत बघण्यासारखं आहे. मालेगावच्या किल्ल्यात शाळेची वेळ सोडून जा आणि आधी परवानगी घ्या. असीरगड बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्यावर, साधारण वीस किलोमीटर. बऱ्हाणपुरात उतरलात तर मावा जिलेबी गरम असतानाच खा. कागदपत्रं बघायची असतील तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आधी विचारून जा. थाळनेर, लळिंग आणि मालेगाव एका दिवसात बसतात, असीरगडाला वेगळा दिवस ठेवा.